पहारा

ओउलू, मार्च. बाहेर उणे एकोणीस, फ्रीझरमध्ये उणे ऐंशी,
आणि आइला केस्कितालोबाई टेबल आवरतायत.
उद्यापासून त्या येणार नाहीत.

सव्वीस वर्षं मी त्यांच्यासाठी मेंदू कापले.
मेणाचा ठोकळा, त्यावर पातं,
केसाच्या सातव्या हिश्शाएवढी चकती
ब्रशच्या टोकानं कोमट पाण्यावर सोडायची
आणि अलगद काचेवर उचलायची.
श्वास रोखायला मी इथेच शिकलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंगाखाली बसवलं.
तपकिरी पेशी, कोळ्यासारखे पाय पसरून.
"या राखणदार. सगळं ठीक असलं
की नुसत्या चाचपत बसतात.
मार लागला की पाय आखडून घेतात, फुगतात, धावतात."
मग दुसरी काच. डोक्यावर पडल्यावर
सतरा वर्षांनी वारलेला एक माणूस.
पेशी अजून फुगलेल्याच.
"चोर केव्हाच गेला, याल्मारी.
यांना कुणी सांगितलंच नाही."

तेव्हा त्यांचं म्हणणं सोपं होतं:
कुंपणच शेत खातंय.
मग कुंपणाला आवरा.
एका औषधापायी नऊ वर्षं गेली. उंदीर बरे झाले.
उंदीर नेहमीच बरे होतात.
माणसांचा निकाल एका गुरुवारी फोनवर आला,
दोन मिनिटांत संपला.
बाईंनी कॉफीचा मग धुतला. पुसला. पुन्हा धुतला.
"उरलेले ठोकळे काप," म्हणाल्या.

कापले.

पुढे एक पोरगी आली, सिग्ने, बडबडी, हाताला धीट.
तिनं उंदरांच्या मेंदूतलं कुंपण मुळासकट उपटून पाहिलं.
शेत वाचलं नाही.
तुटक्या तारा, मेलेल्या पेशींची टरफलं,
सगळं जिथल्या तिथं पडून,
उचलायला कुणी नाही.
बाई भिंगावरून उठल्या आणि हसायला लागल्या.
अकरा वर्षांचं म्हणणं खोटं ठरल्यावर
माणूस इतकं मोकळं हसतो?
खाणारे हात तेच, झाडणारेही तेच.
आता विचारायचं ते एवढंच, की कधी,
आणि यांना बस म्हणायचं कुठल्या भाषेत.
त्या भाषेतले चार-दोन शब्द त्यांना सापडले असावेत.
वाक्य अजून नाही.

भावाबद्दल त्या एकदाच बोलल्या.
वीज गेली होती, आम्ही दोघं
फ्रीझरच्या दाराला पाठ लावून उभे,
जणू आमच्या पाठीनं थंडी आत राहणार होती.
वेइक्को सौनाच्या छपरावरून पडला, बर्फ ओढताना.
उठला, अंग झटकलं, छपराला शिव्या घातल्या,
कॉफी प्यायला. डॉक्टर कशाला?
आठ वर्षांनी मासळीचं जाळं दुरुस्त करायला बसला
आणि गाठ आठवेना.
जाळं चुलीत घातलं.
मग दाराकडे बघून ओरडत राहिला,
कोण आहे, कोण आहे तिकडे.
दारात कुणी नव्हतं.
त्यानंतर नऊ वर्षं.

जनरेटर घरघरला. दिवे आले.
आठ आणि नऊ. मी बेरीज केली.
विचारलं नाही.

आज त्यांनी किल्ल्या दिल्या, कपाटाची, तळघराची,
आणि एक कसली ते त्यांनाही आठवेना.
तिच्यावरून दोघं उगाच हसलो.
जिन्यापर्यंत सोडायला गेलो तो फाटकापर्यंत गेलो.
समोरच्या शाळेच्या छपरावर एक पोरगा
बर्फ खाली लोटत होता,
हेल्मेट कमरेला टांगलेलं.
बाई थांबल्या. हाक मारली. त्यानं हात हलवला.
पुन्हा हाक. त्यानं पुन्हा हात हलवला.
मग त्या नुसत्याच उभ्या राहिल्या,
टोपी हातात, पिंजलेल्या पांढऱ्या केसांनिशी,
मान वर करून,
तो कंटाळून हेल्मेट डोक्यावर चढवीपर्यंत.
बक्कल लावीपर्यंत.

मी आत आलो.
ठोकळा बर्फावर ठेवून गेलो होतो.
कापण्याजोगा गार झाला होता.